दादासमोर पांढऱ्या सोंगट्या

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझा थोरला भाऊ शिरोलीच्या एका फौंड्रीत नुकताच कामाला लागला होता. बुद्धिबळ मला त्यानंच शिकवलं. घरी आम्ही खेळायचो आणि मी हरायचे. मी राजापुढचं प्यादं सरकवलं की पुढचं सगळं त्याला तोंडपाठ असायचं.

शहरातल्या एका खुल्या स्पर्धेत आमची दोघांचीच गाठ पडली. वडिलांनी आधीच बजावलं होतं, तसं झालं तर मुकाट्यानं बरोबरी करायची, घरात धुसफूस नको. पटाशी बसताना मी दादाला हळूच बरोबरीचं विचारलं. त्याला ते पटलं नाही.

"खेळायचं तर खरं खेळ की," तो म्हणाला.

मग मी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं सरकवलं. ही सुरुवात मी वाचनालयातल्या एका पुस्तकातून बसवली होती, घरी कधी खेळले नव्हते. पटाचा मध्य समोरच्याला घेऊ द्यायचा आणि आपण बाजूनं पोखरत जायचं, असा तिचा रोख. दादानं आधी पटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यानं मधली जागा पटकन बळकावली आणि माझ्या राजावर चालून आला. तरी मी दुसऱ्या बाजूची प्यादी रेटत राहिले. त्यातल्या एकानं त्याचा घोडा हुसकला. घोडा हलला तसा माझ्या उंटाचा तिरपा रस्ता मोकळा झाला आणि त्यानं दादाचं एक प्यादं मारलं. ते सावरण्यात त्याचा हल्ला ढिला पडला. शेवटी माझं जादा प्यादं वजीर होणार, हे दोघांनाही दिसलं.

त्यानं घड्याळ थांबवून हात पुढं केला. आम्ही बहीणभावांनी तोवर कधी हात मिळवला नव्हता.

त्याच्या स्कूटरवरून आम्ही उचगावला घरी पोचलो. दारातच वडिलांनी विचारलं, बरोबरीच झाली न्हवं?

"न्हाय. हिनं हरवलं मला," दादा म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

जेवणं झाल्यावर दादानंच पट मांडला आणि पहिल्या चालीपासून सगळं दाखवायला लावलं. पुढच्या स्पर्धेत त्यानं तीच सुरुवात केली आणि पहिल्याच फेरीत हरला. असं कडेकडेनं जायला आपल्याला जमत न्हाय, एवढंच म्हणाला.