दुसरी खोली कोण वापरतं?

कचेरीत तिला सगळे झाकणताई म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते मनातून आवडायचंही. कामं सुरू करणारे छप्पन सापडतात. फीत कापायला तर चढाओढ लागते. पण काम संपलं हे कागदावर सिद्ध करून त्यावर झाकण घालणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नाही. कमी भाड्याच्या सरकारी इमारतींना अनुदान मिळायचं, थंडी आत शिरू नये म्हणून भिंतींना जाड अस्तर लागायचं, खिडक्यांना दुहेरी काच बसायची, दारांच्या फटी बुजायच्या. मग कंत्राटदार शिड्या उचलून चालता व्हायचा, साहेब पुढच्या योजनेच्या मागे लागायचे, आणि मागे उरायची ती ही एकटी. अनुदान देणाऱ्या संस्थेला प्रत्येक घराचा आधीचा फोटो हवा, नंतरचा हवा, तोही त्याच कोपऱ्यातून घेतलेला. भाडेकरूची सही हवी. शिवाय कामाआधीच्या आणि कामानंतरच्या अख्ख्या वर्षाची मीटरची नोंद हवी. हे सगळं जुळलं की समारोप अहवाल जायचा.

सव्वीस वर्षं तिनं हेच केलं होतं. लग्न राहून गेलं, केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला, पण एकही फाइल भिजत घोंगडं म्हणून पडली नाही. भिंतीवरच्या बुरशीचा फोटो बघून ती घर कुठल्या इमारतीतलं आणि कुठल्या बाजूचं ते सांगायची. लोक चेहरे ओळखतात, ही बुरशी ओळखायची.

आणि खोटी नोंद तिनं कधी केली नव्हती. याचा तिला थोडा गर्वच होता, आणि तो तिला शोभायचाही.

या वेळी दोनशे तेरा घरं होती. दोनशे बारा घरांत वीज कमी लागली होती. दोनशे तेरावं घर उलट्या चालीचं निघालं. चौथा मजला, दोन खोल्या, राहणारं माणूस एक, आणि वीज जवळजवळ दुप्पट! अशा घरासाठी फॉर्मात कारणांचे चार रकाने होते: मीटर बिघडला, माणसं वाढली, पूर्वी न वापरलेली खोली वापरात आली, आणि इतर. झाकणताईच्या लेखी ‘इतर’ ही शिवी होती. ‘इतर’ला खूण केली की संस्थेचे प्रश्न वरातीमागून घोडं यावं तसे वर्षभर येत राहतात.

“ताई, शुक्रवारी अहवाल जायला पाहिजे,” साहेब म्हणाले. “‘इतर’ लिहा आणि मोकळ्या व्हा. आणि घरवाटप विभागाला कळवून टाका. म्हातारी एकटी राहते, दुसरी खोली रिकामी. तिला एका खोलीच्या घरात हलवतील. नियमच आहे तो.”

“बघून आल्याशिवाय मी काही लिहिणार नाही,” ती म्हणाली.

“तुम्ही म्हणजे ना!” साहेब म्हणाले. त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं.

बुधवारी दुपारी ती चार मजले चढून गेली. दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. बाईंनी आयुष्यभर लाँड्रीत इस्त्री केलेली; उजवा खांदा अजून जरा खाली झुकलेला. अंगात दोन स्वेटर, डोक्याला रुमाल. पुढच्या खोलीत शेगडी, पलंग, टेबल. आणि हीटर बंद.

“मावशी, हीटर चालत नाही का?”

“चालतो की. मागच्या खोलीतला चालतो. इथं कशाला लावायचा? इथं मी आहे, हालचाल करत असते.”

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि झाकणताईचा चष्मा धुकटला. पलंगावर स्वच्छ चादर, उशाशी घडी केलेली रजई, टेबलावर पुस्तकांची चवड, भिंतीला टांगलेला तापमापक. दाराजवळ एक लाकडी खुर्ची. चादरीला एक सुरकुती नव्हती. या पलंगावर कोणी झोपत नाही, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

“एकोणीसच्या खाली जाऊ देत नाही,” मावशी अभिमानानं म्हणाल्या. “तुमच्या पत्रकात लिहिलंय ना, राहत्या खोलीत एकोणीस अंश ठेवावं. मी आपली सांगितल्याप्रमाणे वागते.”

ते पत्रक झाकणताईनंच लिहिलेलं होतं. त्यातलं ‘राहत्या’ तेवढं मावशींनी आपल्या सोयीनं घेतलं होतं. तिला हसू आलं आणि लगेच ओसरलंही.

“मग या खोलीत राहतं कोण?”

“लेक,” मावशी म्हणाल्या. आणि मग स्वतःच दुरुस्त केलं, “राहायची. नऊ वर्षं झाली.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणापासून पोरीला खोकला. थंडीत या खोलीच्या भिंतीवरून पाणी ओघळायचं, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. बाविसाव्या वर्षी एका सकाळी पोरीनं बॅग भरली आणि म्हणाली, या खोलीत मी पुन्हा झोपणार नाही. आई म्हणाली, नको झोपूस मग.

“एवढंच?”

“एवढंच. भांडण मोठं असतं तर मिटलं असतं हो. एवढ्याशा गोष्टीला मिटवायला कोण बसतं? ती तिकडं हट्टी, मी इकडं. सुंभ जळाला तरी पीळ काही जळत नाही.” त्यांनी चादरीची नसलेली सुरकुती हातानं काढली. “आता खोली उबदार झाली ना. तिला कळायला नको?”

म्हणून त्या रोज कळवत होत्या. त्यांनी फोन पुढं केला. तापमापकाचा फोटो, खाली एक ओळ: ‘तुझ्या खोलीत एकोणीस.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. झाकणताई बोटानं वर वर सरकवत गेली. तीनशेच्या वर फोटो, तारीखवार, एकाच कोपऱ्यातून घेतलेले! इतका पक्का पुरावा तिला सव्वीस वर्षांत कुणी दिला नव्हता. आणि प्रत्येक फोटोखाली लेकीचं उत्तर: नुसता चित्रातला अंगठा. कधी तोही नाही.

तो अंगठा झाकणताईच्या ओळखीचा होता. तिची स्वतःची आई लांब, एका दिवसाच्या प्रवासावर राहायची. ‘जेवलीस का?’ आणि ‘कधी येतेस?’ असे दोनच प्रश्न ती आलटून पालटून पाठवायची. झाकणताई फायलींच्या ढिगातून अंगठा पाठवायची. एवढं काम संपलं की जाते, एवढा अहवाल गेला की जाते. तीन वर्षांपूर्वी अहवाल गेला त्या आठवड्यातच आई गेली. तेव्हापासून तिला आई आठवली नाही असा एक दिवस गेला नव्हता. दुपारी डबा उघडला की अजून हात फोनकडे जायचा.

तिनं चष्मा पुसला आणि फॉर्म काढला.

“मावशी, तिसरं कारण लिहिते. खोली वापरात आली. त्यानं सगळं भागेल. पण खाली वापरणाऱ्याचं नाव लिहावं लागतं.”

“लिहा की लेकीचं.”

“ती इथं राहत नाही. वाटप विभाग तपासतो. नाव खोटं निघालं तर खोली जाईल. आणि कुणीच वापरत नाही असं लिहिलं तरी जाईल. तुम्हाला एका खोलीत हलवतील.”

झाकणताईला वाटलं, लिहून टाकावं लेकीचं नाव. सव्वीस वर्षांत एकदा खोटं लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे? पण तपासणीत ते पकडलं गेलं असतं, आणि आभाळ नेमकं या खोलीवर कोसळलं असतं. तिची नजर दाराजवळच्या खुर्चीवर गेली.

“या खुर्चीत कोण बसतं?”

“मी. रोज चार ते साडेसहा. इथनं पुढच्या दाराकडं लक्ष राहतं.”

“मग झालं तर! खोली तुम्ही वापरता.”

“मी नुसती बसते.”

“बसणं म्हणजे वापरच. रोज अडीच तास.”

“म्हणजे तिची खोली मी बळकावली, असं लिहून देऊ?” मावशींचा आवाज चढला. “उद्या ती आली तर?”

“आली तर झोपेल की. पाहुण्यांना बंदी नाही.”

“पोटची पोर पाहुणी?”

पोटच्या पोरीसाठी फॉर्मात रकाना नव्हता. झाकणताई एवढंच म्हणाली, “तुमचं नाव लावलं तर खोली राहते, मावशी. तिचं लावलं तर जाते. आणि खोलीच गेली तर तिनं यायचं कुठं?”

मावशी खुर्चीत बसल्या. मग पेन मागितलं आणि ‘खोली वापरणाऱ्याचं नाव’ याच्यापुढं स्वतःचं नाव लिहिलं, इतकं हळू की जणू कागदाला दुखेल. खाली सही केली.

“आजच्या तारखेचा फोटोही लागेल,” झाकणताई हलक्या आवाजात म्हणाली.

मावशी उठल्या. रोजच्या जागी उभं राहून त्यांनी तापमापकाचा फोटो काढला आणि सवयीनं लेकीला पाठवायला घेतला. ‘तुझ्या’ एवढं लिहून त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते खोडलं.

“आता सही करून बसले. खोटं कसं लिहू?” असं म्हणून त्यांनी लिहिलं: ‘माझ्या खोलीत एकोणीस.’ आणि फोन झाकणताईच्या हातात दिला, पुराव्यासाठी.

झाकणताई तारीख टिपून घेत होती तेवढ्यात फोन वाजला. अंगठा नव्हता. शब्द होते.

‘माझ्या म्हणजे? मग माझी खोली कुठं गेली?’

झाकणताईनं ते मोठ्यानं वाचलं. मावशींनी आधी ऐकलंच नाही असं दाखवलं, मग त्या जवळ आल्या. “पुन्हा वाचा,” त्या म्हणाल्या. तिनं पुन्हा वाचलं. मावशींना रडू फुटलं, आणि रडता रडता त्या रागावूनही बोलत होत्या, वर्षभर अंगठे दाखवते आणि आता खोली विचारते बघा, लबाड कुठली.

“तुम्हीच लिहा हो काहीतरी. मला अक्षरं दिसेनात.”

“नाही मावशी. हे तुमच्याच हातचं पाहिजे.”

मावशींनी डोळे पुसले आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘इथंच आहे. ये.’

पलीकडं लेक काहीतरी लिहीत होती. थांबत होती, पुन्हा लिहीत होती. झाकणताईनं कागद गोळा केले. त्या उत्तराला आता तिसऱ्या माणसाची गरज नव्हती. तिनं दार ओढून घेतलं, पण मावशींचं लक्षही नव्हतं.

ती एक मजला उतरली. जिन्यातच पायरीवर बसून तिनं फाइल मांडीवर घेतली. दोनशे तेरावं घर पुरं झालं होतं, शुक्रवारी अहवाल जाणार होता. आणि आपल्यालाही कुणी नुसतं ‘ये’ म्हणावं, असं तिला फार फार वाटलं. सामान काही लागलं नसतं. आहे तशी, अंगावरच्या कपड्यांनिशी, ती संध्याकाळच्या गाडीत बसली असती. पण म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. होतं तेव्हा तिनं अंगठा पाठवला होता.