मूळ कारण : क्रमांक नऊ

सबनीस सर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आल्या आल्या कधी रांगेत उभे राहिले नाहीत. आधी खांबाशी थांबून दोन मिनिटं निरीक्षण चालायचं. कुठली रांग किती सरकते, कुठल्या स्टॉलवरची बाई गिऱ्हाइकांशी गप्पा छाटते, कोण घरच्या पाच जणांचं जेवण बांधून नेतंय. मग हुकूम सुटायचा, "डावीकडून तिसरी!" तोवर त्या तिसऱ्या रांगेत आणखी आठ माणसं उभी राहिलेली असायची. त्यांच्या पत्नी स्मिताताई पहिल्याच रांगेतून भात घेऊन, निम्मा संपवून बसलेल्या असत. "यांचं निरीक्षण होईस्तोवर माझं पचन होतं," असं त्या म्हणायच्या आणि सर मनापासून हसायचे.

वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातल्या आमच्या कंपनीत ते टेस्टिंगचे मॅनेजर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. सॉफ्टवेअर आपटलं की ते का आपटलं याचा अहवाल लिहायचा, हे आमचं काम. अहवालाच्या पहिल्या ओळीत 'मूळ कारण' लिहावं लागे. सर म्हणायचे, "प्रत्येक चुकीला एक बाप असतो, मीनल. तो सापडल्याशिवाय उठायचं नाही." कुणी दोन कारणं लिहून आणली की कागद परत. "दोन बाप? म्हणजे शोध अपुरा."

मी पुण्याहून नवी आले होते तेव्हा माझ्या एका चुकीने बँकेचं अख्खं काम दिवसभर बंद पडलं. आता एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथल्या नोकरीचा परवाना, रद्द होऊन घरी जावं लागणार, या भीतीने मी सरांसमोर रडायला लागले. "रडगाणं नको, रकाना सांग," ते म्हणाले. "तपासणीतला कुठला रकाना भरायचा राहिला?" मी सांगितला. त्यांनी अहवाल लिहिला आणि मूळ कारणापुढे स्वतःचं नाव घातलं. त्या दिवसापासून हा माणूस कधी अन्याय करणार नाही असं मी धरून चालले. माझी अक्कल इथेच गहाण पडली.

त्यांचा एकुलता एक मुलगा अमेय इथल्या एका कॉलेजात शिकायचा आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात पुढे खेळायचा, नऊ नंबरचा शर्ट घालून. सरांना जन्मात फुटबॉल ठाऊक नव्हता. मुलासाठी त्यांनी तो पन्नाशीत शिकून घेतला, नियमांचं पुस्तक पेन्सिलने खुणा करत. प्रत्येक सामन्याला ते हजर असत, आणि व्हिडिओ काढायला बरोबर मी. त्यांना मुलाचं कौतुक होतं, पण ते तोंडाने करता येत नव्हतं. अमेय चांगला खेळला की ते विचारायचे, "पाणी प्यायलास का?" अमेय म्हणायचा, "ड्रँक ऑलरेडी ला, बाबा." एवढंच त्यांचं संभाषण, पण दोघंही त्यावर खूश दिसायचे.

त्या शनिवारी उपांत्य सामना होता. आमचा संघ एक-शून्य हरला. समोरच्यांचा गोल नशिबाचा होता, पण आमच्या पोरांना सबंध सामन्यात एकदाही धड गोलवर मारता आलं नाही. चेंडू मध्यापर्यंत यायचा आणि पुढे घ्यायला कुणी नसायचं. ज्याने तिथे असायचं तो अमेय मागे मधल्या फळीत धावत होता. प्रशिक्षक बाजूने ओरडत होते, आईबाप कपाळावर हात मारत होते. सर वहीत लिहीत होते.

रविवारी सकाळी त्यांनी मला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर बोलावलं. "तू तक्ते छान करतेस." आम्ही तो व्हिडिओ तीनदा पाहिला. अमेय किती वेळा गोलपाशी गेला, किती वेळा मागे आला, चेंडू कुठे तुटला, सगळे रकाने मी भरले. तिसऱ्यांदा पाहताना मला दिसलं, की मधल्या फळीतला आठ नंबरचा कप्तान जून वेई सारखा खाली बसून बुटाची नाडी बांधतोय. मी बोलले नाही. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. दुपारी सरांनी पहिली ओळ लिहिली. 'आक्रमण निष्फळ ठरण्याचं मूळ कारण : क्रमांक नऊ.'

"अहो, आपलाच मुलगा आहे तो," स्मिताताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"म्हणूनच. दुसऱ्याच्या मुलाचं नाव लिहायला काय लागतं? भावना बाजूला, आकडे पुढ्यात."

आणि त्यांनी तो अहवाल पालकांच्या ग्रुपवर टाकला. प्रशिक्षकही त्या ग्रुपवर होते. पसंतीच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. काय हा प्रामाणिकपणा, असा बाप पाहिला नाही! सर लाजले. मीही त्यांच्याबरोबर फुशारले, तक्ते माझे होते ना. मंगळवारी पुढच्या स्पर्धेचा संघ जाहीर झाला आणि त्यात अमेय नव्हता. घरी त्याने काय केलं ते स्मिताताईंनी मला फोनवर सांगितलं. नुसता जेवला आणि ताट धुऊन ठेवलं.

बुधवारी मी त्याला कॉलेजपाशी गाठलं. "अमेय, तू मागे का येत होतास रे? तुला कळत नव्हतं?"

तो बुटाने जमीन उकरायला लागला. मग म्हणाला, "जून वेईज अँकल वॉज गॉन ऑलरेडी, आंटी. ही कुडन्ट रन. सो आय कव्हर फॉर हिम लॉर." जून वेईचा घोटा गेला होता, त्याला पळता येत नव्हतं, म्हणून अमेय त्याची जागा भरत होता. येत्या रविवारी जून वेईची एका मोठ्या क्लबात निवडचाचणी होती. घोटा दुखावल्याचं प्रशिक्षकांना कळलं असतं, तर त्यांनी चाचणीतून त्याचं नाव मागे घेतलं असतं. घोटा आठवड्यात बरा होईल असं डॉक्टर म्हणाला होता. लहानपणापासून जून वेई या एका चाचणीसाठी खेळत आला होता. "आंटी, प्लीज. बाबाला नको सांगू." शेवटचं वाक्य त्याने मराठीत म्हटलं. त्या पोराने मला मराठीत काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

आणि मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. निरपराध मुलगा शिक्षा भोगतोय हे बघवेना, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तो नाडीचा प्रकार मला टोचत होता आणि मला मोकळं व्हायचं होतं.

सर खुर्चीत बसले, चष्मा काढला. "मागे यायला लागणारच. मधे माणूस नाही तर पोरगा काय करेल?" ते पुटपुटले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना पहिल्यांदा तसं पाहत होते. मग त्यांनी लॅपटॉप ओढला.

"सर, हे कुणाला सांगायचं नाहीये. अमेयने जून वेईला शब्द दिलाय."

"म्हणजे? चुकीचा अहवाल तसाच ठेवायचा? माझ्या मुलाच्या नावावर?"

"सर, निदान रविवार जाऊ द्या."

"चूक कळल्यावर एक मिनिटही थांबायचं नाही, हे तुला मीच शिकवलं ना?"

हो, त्यांनीच शिकवलं होतं. मी उठून लॅपटॉप मिटायला हवा होता. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होते, माझा हात उचलला गेला नाही. संध्याकाळी ग्रुपवर सुधारित आवृत्ती आली. 'मूळ कारण : क्रमांक आठ. घोट्याची दुखापत लपवली. क्रमांक नऊची भूमिका निर्दोष. पूर्वीच्या निष्कर्षाबद्दल मी त्याची जाहीर क्षमा मागतो.' आयुष्यात त्यांनी मुलाची मागितलेली ही पहिली क्षमा. ती मागताना त्यांना केवढं हलकं वाटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रशिक्षकांनी जून वेईचं नाव मागे घेतलं. चाचणी त्याच्याविना झाली. अमेयला संघात परत बोलावलं, तो गेला नाही. जून वेईच्या घरी मात्र गेला, तिथे त्याच्या आईने दार उघडलं नाही. महिन्याभरात तो मित्रांबरोबर खोली घेऊन राहायला लागला. सरांच्या प्रत्येक मेसेजला त्याचं एकच उत्तर येई, "नोटेड, बाबा."

वर्षभराने कंपनीने माणसं कमी केली. सरांची नोकरी गेली आणि दोघं पुण्याला परत निघाली. चांगी विमानतळावर मी पोचवायला गेले होते. अमेयही आला. आईच्या पाया पडला, तिला घट्ट मिठी मारली, औषधं कुठल्या बॅगेत आहेत ते विचारलं. मग सरांसमोर उभा राहिला आणि हात पुढे केला. ऑफिसात आपण करतो तसं हस्तांदोलन. सरांनी आधी हाताकडे पाहिलं, मग तो हातात घेतला. "पाणी..." असं काहीतरी ते म्हणायला गेले. तोवर मुलगा वळला होता.

तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत सर बघत होते. मग माझ्याकडे वळून, काम अडल्यावर विचारायचे तशा स्वरात त्यांनी विचारलं, "मीनल, दुसरा अहवाल तर बरोबर होता ना?"

विमानात बसायला त्यांच्यापाशी अजून एक तास होता, आणि विचार करायला उरलेलं आयुष्य.

"हो सर," मी म्हणाले. "अगदी बरोबर होता."