राईभोवतीचे दगड

माझ्या धाकट्या बहिणीच्या अक्षरातलं पान मला पुन्हा दिसलं ते एका प्लॉटिंगवाल्याच्या हातात. तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. पान झेरॉक्स होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, आणि ज्या ओळीशी त्याचं काम होतं ती त्याने पिवळ्या पेनने रंगवली होती. वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीच्या वर, जननी देवीच्या राईत आम्ही उभे होतो. डोक्यावर हिरडा आणि जांभूळ एकमेकांत गुंतले होते, गारंबीचे वेल मांडीएवढे जाड होते, आणि तो माणूस मंडल अधिकाऱ्यांना वाचून दाखवत होता : 'मोजणीच्या वेळी या नंबरात झाडे नव्हती. गवताचा माळ.'

"मी नाही म्हणत साहेब, मॅडम म्हणतायत," तो म्हणाला. "वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांच्यापेक्षा जास्त कोण जाणणार?"

ते पान त्याच्या हातातून ओढून घ्यावं असं मला वाटलं. ओढलं नाही. सगळी नोकरी ग्रंथालयात केलेल्या माणसाला आधी कागद फाटेल याची भीती वाटते. त्या दिवशी मला या सवयीचाही राग आला.

माणूस खोटं बोलत असता तर सोपं होतं. तो खोटं बोलत नव्हता. ओळ तिचीच होती, आणि ते पान ज्या अहवालातलं होतं त्यावर तिच्या नावाखाली माझंही नाव होतं. म्हणूनच मला स्थळपाहणीला बोलावलं होतं.

बहीण भोरला कॉलेजात शिकवायची. लग्न तिने केलं नाही, माझी बायको लवकर गेली, त्यामुळे गेली बरीच वर्षं आम्ही दोघं एकाच घरात दोन टोकांना वाचत बसायचो. निवृत्त झाल्यावर तिने एक काम डोक्यात घेतलं. भोर संस्थान असताना या डोंगरातल्या शेतांची आणि रानांची मोजणी झाली. त्या वेळची टिपणं, म्हणजे एकेका सर्व्हे नंबराची हाताने काढलेली आकृती, अजून शिल्लक आहेत. आकृतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर मोजणीवाल्याने हद्दीची खूण लिहिलेली असते. कुठे बांध, कुठे दगड, आणि कुठे झाड : आंबा, हिरडा, ऐन, किंजळ. झाड असेल तर त्याच्या बुंध्याची साल तासून खूण करत. अशी हजारो झाडं कागदावर उभी होती आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी गोळा केली तर तेव्हाचं रान कसलं होतं याचा अंदाज बांधता येईल, असं तिचं म्हणणं. टिपणं मोडीत होती. मोडी मला येते. मी वाचायचो, ती लिहायची.

ती भाबडी नव्हती, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. मोजणीवाला जाडजूड आणि गावाला माहीत असलेलं झाडच खुणेला धरणार, झुडपाला कोण विचारतो, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "कागदावर हिरडा भरपूर दिसतो दादा, कारण हिरड्याला भाव होता. पोरासोरांना ओळखता यायचा," ती म्हणायची. जिथे नुसतं 'रानझाड' लिहिलेलं असेल तिथे ती वेगळा रकाना करायची आणि मोजणीवाल्याला शिव्या घालायची. "मेल्याला वर मान करून पान बघायला काय झालं होतं?"

आणि जिथे दगड असेल तिथे झाड नव्हतं, असं आम्ही धरलं. झाड असतं तर मोजणीवाल्याने दगड कशाला रोवला असता, हे वाक्य अहवालात मीच घालायला लावलं. हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला आम्ही दोन-चार ठिकाणी चालत जाऊन पाहिलं होतं. दगडाच्या खुणा होत्या तिथे उघडा कातळ होता, आणि कातळावर कधी काही उगवलं असेल असं वाटत नव्हतं. एसटी चुकल्यामुळे त्या दिवशी आम्ही घाटरस्त्याने बरंच अंतर पायी उतरलो. ती पुढे, मी मागे. आपला अंदाज बरोबर आला म्हणून ती इतकी खूश होती की चपलेचा अंगठा तुटला तरी तिने तक्रार केली नाही.

जननीच्या राईचं टिपण आलं तेव्हा ती आजारी होती. दर तीन आठवड्यांनी पुण्याला सुई घ्यायला जायचं, परत आल्यावर चार दिवस काही गिळायचं नाही. मी नंबर वाचला आणि खुणा सांगू लागलो. दगड, दगड, दगड, परत दगड.

ती थांबली. "दादा, इथे सलग दगडच कसे? शेजारून ओढा जातोय, झाडं असायला हवीत."

"कातळ असेल."

"ओढ्याच्या काठाला कातळ? जाऊन बघायला पाहिजे."

"तू बरी हो, मग जाऊ."

"मी बरी झाल्यावर की मी मेल्यावर?"

"वाट्टेल ते बोलू नकोस. लिही पुढे."

तिने लिहिलं. तिचा अहवाल तिच्या हयातीत पुरा व्हावा अशी मला घाई झाली होती. ती घाई तिची नव्हती. ती म्हणत होती की दहा गावं कमी झाली तरी चालतील, पण बघून लिहू. मी म्हणत होतो, पुरं करू. मला एक पुरी झालेली वस्तू हवी होती, हातात धरता येईल अशी. डॉक्टर काही सांगत नव्हते, नातेवाईक फळं आणून ठेवत होते, आणि मी तिला दगड लिहायला लावत होतो.

अहवाल झाला. मागेल त्याला तिने प्रत दिली. तहसीलला दिली, वनखात्याला दिली, कॉलेजात ठेवली. मग ती गेली.

आता त्या राईत तिच्याच पानावर बोट ठेवून सांगितलं जात होतं की ही झाडं नंतर वाढलेली आहेत, जुनी राई वगैरे काही नव्हती, नंबर खासगी मालकीचा आहे आणि मालकाने तो विकलेला आहे. प्लॉटिंगचा रस्ता राईच्या मधून आखला होता. फांद्यांना लाल फिती बांधल्या होत्या. वाडीतल्या लोकांनी हरकत घेतली होती, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. कागद त्याच्याकडे होता, आणि तो आमचा होता.

वाडीच्या बाजूने एक म्हातारे बाबा बोलत होते. शेरडं-मेंढरं राखणारं घर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बराच वेळ ते ऐकत होते. मग त्यांनी प्लॉटिंगवाल्याला विचारलं, "शेट, तुमची गाडी कुठं लावलीया?"

"का हो मामा?"

"न्हाई, झाड न्हाई म्हंता, आन गाडी तेवढी सावलीला लावलीया."

वाडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मंडल अधिकारीही हसले. प्लॉटिंगवाला हसला नाही. "आज आहेत हो झाडं. मी कुठे नाही म्हणतो? तेव्हाचं बोलतोय मी. तेव्हा नव्हती. हे बघा, सगळ्या खुणा दगडाच्या. झाड असतं तर मोजणीवाल्याने दगड कशाला रोवला असता?"

ते माझं वाक्य होतं. शब्दन् शब्द माझं.

"त्यो कशाला रोवतोय?" बाबा म्हणाले. "दगड आमच्या लोकांनी रोवलं. माझा आजा सांगायचा. मोजणीवाला आला, म्हनला झाडाची साल काढून खून करतो. आमची मानसं आडवी झाली. राईतल्या झाडाला लोखंड लागायचं न्हाई. हितली वाळकी काटकी सुदीक आमी चुलीला नेत न्हाई, आन तू साल तासतो व्हय? तवा त्यो म्हनला, मग खुनेला काय लिवू? आमी म्हनलं दगड लिव. दगड आमी आनून देतो. लांब खालनं, नदीतनं आनलं खांद्यावर."

"ह्याला पुरावा काय?" प्लॉटिंगवाला म्हणाला. "आजा काय, कुणाचाही आजा काहीही सांगेल."

"चला की दावतो. का बुटाला चिखल लागंल?"

आम्ही गेलो. ओढ्याच्या कडेला, पाचोळ्यात अर्धा बुडालेला पहिला दगड बाबांनी काठीने उघडा केला. गोल, गुळगुळीत, नदीत घासलेला गोटा. डोंगरावर, वरच्या ओढ्यातसुद्धा, असा दगड नसतो. दुसरा एका अंजनीच्या मुळाने कवेत घेतला होता. मूळ दगडावरून वळून पुन्हा जमिनीत शिरलं होतं. मी खाली बसलो. लोकांना वाटलं दम लागला. बाबांनी विचारलं, "गुरुजी, पानी देऊ का?" मी मान हलवून नको म्हणालो.

मी रागाने बसलो होतो. ज्यांनी झाडांना हात लावू दिला नाही त्यांच्याच राईत आम्ही झाडं नव्हती असं लिहून ठेवलं होतं. झाड जितकं जपलेलं तितकं ते कागदावर येणार नाही, ही एवढीशी गोष्ट आम्हाला घरात बसून कळली नाही. इथे आलो असतो तर या म्हाताऱ्याने अर्ध्या तासात सांगितली असती. तिने म्हटलं होतं जाऊन बघू. मी लिही म्हणालो.

मंडल अधिकारी तरुण होते, वागायला नीट. त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही जबाब लिहून देऊ शकता. पण विचार करा. दगड म्हणजे झाड नाही, हे धरून मॅडमनी सगळी गावं लिहिली आहेत. हे गृहीत चुकलं म्हणून तुम्हीच सही केलीत, तर बाकीची पानंही उद्या कोणी मानणार नाही. दुसऱ्या गावांतले लोक हाच अहवाल घेऊन झाडं वाचवायला येतात आमच्याकडे."

प्लॉटिंगवाल्याने ते ऐकलं. "बघा ना सर," तो अगदी समजुतीने म्हणाला, "मॅडमचं एवढं आयुष्यभराचं काम. त्या आज असत्या तर त्यांना कसं वाटलं असतं?"

पाच महिने मी हे वाक्य ऐकत होतो. दहाव्याला, तेराव्याला, बँकेत, दवाखान्याचं बिल मिटवताना. ती असती तर तिला कसं वाटलं असतं, हे प्रत्येकाला माहीत होतं. मला माझा आवाज वाढलेला ऐकू आला. "ती असती तर इथे आली असती," मी म्हणालो. "आणि तुमच्या हातातला कागद तिने स्वतः फाडला असता. तिचं नाव पुन्हा घेऊ नका."

आमच्या घरात कोणी ओरडत नाही. मी तर नाहीच.

जबाब मी गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिला. सावकाश लिहिला, माझं अक्षर आता हलतं. लिहिलं की टिपणाचं वाचन माझं आहे. जागेवर जाऊन पाहावं असं बहिणीने सुचवलं होतं आणि मी ते होऊ दिलं नाही. या नंबरात झाडं नव्हती हे विधान मी मागे घेतो. अहवालात जिथे जिथे केवळ दगडाच्या खुणेवरून झाडं नव्हती असं म्हटलं आहे, ते कोणीही, कोणत्याही बाजूने, पुरावा म्हणून वापरू नये. झाडांच्या खुणा जिथे आहेत ती पानं तशीच उभी आहेत. खाली सही केली. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमी सोताच्या आंगावर घेतलंसा."

"माझ्याच अंगावरचं आहे," मी म्हणालो.

मंडल अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात नदीतले गोटे लिहिले, मुळात अडकलेला दगड लिहिला, फोटो काढले. निर्णय वरून यायचा आहे. अजून आलेला नाही. फिती तशाच आहेत. रस्ता थांबला आहे, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. तिच्या वर्षश्राद्धाला अहवालाची पुस्तिका काढायची ठरली होती, तिचा फोटो मुखपृष्ठावर. प्राचार्य म्हणाले, "तेवढं दगडांचं पान गाळून टाकू. कशाला वाद? श्रद्धांजली आहे." मी विचारलं, एक पान गाळलं तर बाकीचे दगड कुठे जातील? त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा श्रद्धांजली म्हटलं. मी सांगितलं, पुस्तिका काढू नका. ते दुखावले. दुखावू देत.

आता मी एसटीने जातो. एका वेळी एक गाव. अहवालात जिथे दगड आहे तिथे जाऊन उभा राहतो, आसपासच्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो की हा दगड इथे का. काही ठिकाणी खरंच कातळ आहे. काही ठिकाणी पूर्वी काय होतं हे सांगणारं कोणी उरलेलं नाही, जेसीबीने टेकडीच सपाट केली आहे आणि दगडही गेला आहे. तिथे मी 'झाडे नव्हती' यावर काट मारतो आणि वर 'माहीत नाही' लिहितो. गुडघे दुखतात. परत येताना सीटवर बसून मी मनातल्या मनात भांडतो. प्लॉटिंगवाल्याशी भांडतो, प्राचार्यांशी, स्वतःशी, आणि तिच्याशीही. तू ऐकायला नको होतंस माझं. मी लिही म्हटलं तरी तू लिहायला नको होतंस.