पन्नास खोट्या नोंदी

चाकणच्या कारखान्यात दर तासाला मशीनवरचा पार्ट मोजून आकडा चेकशीटवर लिहायचा, असा नियम होता. पाळायचं कोणी नाही. शिफ्ट संपत आली की आठही तासांचे आकडे एकदम भरायचे. नवा माणूस बिचकला की जुने हसायचे, "लिही रे भावा, मशीन काय तक्रार करायला येतंय?" मीही हसायचो. दोन-तीन पेनं वापरायची, एखाद्या आकड्यावर तेलकट बोट उमटवायचं, म्हणजे कागद खरा वाटतो, हे मी तिथंच शिकलो. आणि तेच माझ्या मुलीला शिकवलं.

कोरोना आला तेव्हा ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेज बंद, माझी कंपनी बंद, काळेवाडीतली आमची गल्ली दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून बंद. ओट्यावर पिठाच्या डब्याला फोन टेकवून ती वर्गात बसायची. मॅडम फोनमधून रक्तदाब मोजायला शिकवत. दंडाला पट्टा बांधायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची आणि ती सोडताना स्टेथोस्कोपमध्ये ठोके कधी सुरू होतात, कधी थांबतात, ते ऐकायचं. "जमलं ना सगळ्यांना?" मॅडम विचारायच्या. सगळ्या मुली 'येस मॅम' टाइप करायच्या. आमचीही.

तिला ठोके ऐकूच येत नव्हते. तिनं पंखा बंद केला, शेगडीवरचा कुकर उतरवायला लावला, माझा दंड दहा वेळा आवळला.

"पप्पा, श्वास हळू घ्या ना."

"आता घेऊच नको का?" मी म्हणालो. एरवी ती हसली असती.

मग फर्मान आलं, वहीत पन्नास माणसांच्या रक्तदाबाच्या नोंदी हव्यात, सोमवारपर्यंत फोटो पाठवा. माणसं आणायची कुठून? शेजारी दारातसुद्धा उभं करत नव्हते. तिचं जेवण सुटलं. केस न विंचरता बसायची, फोनचा कॅमेरा छताकडे वळवून. नखं खाऊन बोटांतून रक्त आलं, ते मी पाहिलं होतं. एके दिवशी म्हणाली, "मॅडमना सांगून टाकू का, मला जमत नाहीये म्हणून?"

मला नेमकं आठवतं मी काय बोललो ते. "वेडी आहेस का? सगळ्यांना जमलंय, एकटी तूच मागं राहशील."

रविवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. मी आकडे सांगितले, तिनं लिहिले. मी तीन पेनं दिली. म्हाताऱ्यांचे आकडे थोडे चढे ठेवले. एका पानावर चहाचा थेंब पाडला. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, ही माणसं आहेत, नटबोल्ट नाहीत."

"तू गप्प बस," मी म्हणालो.

पूर्ण गुण मिळाले. मी पेढे आणले. तिनं घेतला नाही.

पुढं रुग्णालयात हात कमी पडू लागले आणि विद्यार्थिनींना ड्युटी लागली. मी मोटारसायकलवरून सोडायला गेलो. फाटकाशी ती उतरेचना.

"पप्पा, आत खरी माणसं असणार."

"जा, सवय होईल."

त्या दुपारी मी कारखान्यात लाइनवर होतो. कंपनी सुरू झाली होती. तिचा फोन आला. जिन्यात येऊन कुजबुजत होती. सिस्टरनी एका आजोबांचा रक्तदाब घ्यायला सांगितला होता. "मला काहीच ऐकू येत नाहीये, पप्पा. सिस्टर कागद मागतायत. काय लिहू?"

माझ्या हातात चेकशीट होती. वरच्या चार चौकटी रिकाम्या. माझ्या तोंडात आकडा तयार होता, एकशे वीस, ऐंशी. जीभ हललीच नाही. 'लिहू नकोस' असंही मला म्हणता आलं नाही. मी नुसता ऐकत राहिलो आणि तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी माझी चेकशीट कोरीच राहिली.

संध्याकाळी फाटकावर ती सिस्टरबरोबर बाहेर आली. तिनं सगळं सांगून टाकलं होतं, मोजता येत नाही हेही आणि वहीतल्या पन्नास नोंदी खोट्या आहेत हेही. सिस्टरनी लगेच स्वतः मोजलं होतं. आजोबांचा रक्तदाब फार खाली गेला होता. डॉक्टर धावत आले आणि आजोबा वाचले.

"असं भरायला कोणी शिकवलं, विचारलं मी," सिस्टर मला म्हणाल्या. "म्हणते, कोणी नाही. पण पोरगी खरं बोलली हो तुमची. आता पन्नास नोंदी पुन्हा, माझ्यासमोर."

मुलगी जमिनीकडे बघत होती. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी हात जोडले, "येतो, सिस्टर" म्हणालो आणि गाडीला किक मारली. ते वाक्य आज इथं लिहितोय: तिला असं भरायला मी शिकवलं.

काही आठवड्यांनी घरी तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. कपाळाला आठी पडली. तिसऱ्यांदा फुगा दाबू लागली.

"जास्त आहे का? पंख्याचा आवाज असेल," मी म्हणालो. "पहिलाच आकडा लिही की."

"पप्पा, बोलू नका," ती म्हणाली. "मी ऐकतेय."