वेदीतलं हाड

ते प्रकरण आठवलं की अजून माझी मान खाली जाते. चोर पकडल्याच्या गोष्टी मी नातवंडांना पुष्कळ सांगितल्या. ही मात्र बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार, अंगात रग फार. हद्दीत डोंगराच्या पायथ्याशी मारियामातेचं दगडी चर्च होतं. घाटात रेल्वेचं काम चालू असताना तिथल्याच पाथरवटांनी ते बांधलं, असं लोक सांगत. कमानी बोगद्याच्या तोंडाला असतात तशाच, काळ्या घडीव दगडाच्या. आत शेवटी अखंड दगडाची वेदी, म्हणजे पाद्री ज्यावर पूजा करतात तो ओटा. जत्रेला आसपासचे हिंदू शेतकरीही नवसाचे मेणाचे हातपाय घेऊन यायचे.

जत्रा आठ दिवसांवर आली होती. कडावकडच्या एका घरातली सून चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली ती परतलीच नाही. सासऱ्याने तक्रार दिली. चौथ्या दिवशी चर्चची फरशी दुरुस्त करणारा गवंडी खबर घेऊन आला.

"सायब, वेदीचा दगूड हलवाया गेलो, तं राखणदार म्हातारा अंगावर धावला. म्हनं, हात लावू नको, आत हाड हाय!"

दोन पंच आणि हवालदार घेऊन मी निघालो. पाद्री मुंबईला गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. म्हातारा वेदीपुढे आडवा उभा राहिला. "संताचं हाड हाय, सायब. त्याच्याबिगर वेदी व्हत नाय. फादरला येऊ द्या."

माझे हवालदार त्याच भागातले, वयाने मोठे. तेही हळूच म्हणाले, "साहेब, थांबू या. देवाचं काम आहे."

मी कसला थांबतोय! गवंड्याला छिन्नी चालवायला लावली. दगडातल्या खाचेतून लाखेची मोहोर असलेली शिशाची डबी निघाली; मोहोर फोडली, तर आत तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा. कणीएवढा! तिथंच मला अक्कल यायला हवी होती. पण पंचनाम्यात मी ऐटीत लिहिलं, 'मानवी अस्थी'.

ठाण्यात आणून विचारलं, "बाकीची हाडं कुठं पुरलीस?"

"बाकीची रोमला असतील, सायब."

थट्टा करतोय असं वाटून मी त्याच्या थोबाडीत दिली. सत्तरीचा माणूस तो. मग विचारलं, "कडावची बाई कुठाय?"

"त्ये मी सांगायचा नाय."

मी त्या नकारालाच कबुली समजलो आणि त्याला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई स्वतःच ठाण्यात आली. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. "मी जिती हाय, सायब. सासूनं डागलं म्हनून पळाले. चर्चातल्या बाबांनी खोपोलीला मावशीकडं धाडलं, कुनाला सांगनार नाय म्हनले. बाजारात ऐकलं, तुमी त्यांना मारताय. सोडा त्यांना."

म्हाताऱ्याला सोडलं. तिचा जबाब घेतला, सासऱ्याला नि नवऱ्याला बोलावलं, सही घेतली आणि तिला त्यांच्या ताब्यात दिलं. "मावशीकडं जाऊ द्या," ती रडत म्हणाली. "घरचं भांडण घरात मिटवा," मी म्हणालो. तपास पुरा झाला होता ना!

पाद्री परतले. ते ओरडले नाहीत. मोहोर फुटली की वेदी वेदी राहत नाही, बिशप येऊन पुन्हा अभिषेक करतील तोवर तिच्यावर पूजा नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. जत्रेची पूजा पटांगणात लाकडी टेबलावर झाली. मी बंदोबस्ताला होतो. लोक म्हाताऱ्याला कारण विचारत. "दगूड दुरुस्तीला काढलाय," तो सांगे. माझं नाव त्याने घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दी ओसरल्यावर मी त्याची माफी मागायला गेलो. त्याने मध्येच थांबवलं. "माजं ऱ्हाऊ द्या. ती बाय कुटं हाय?"

"घरी पोचवली."

"कुटल्या घरी, सायब?"

दुसऱ्या दिवशी मी सरळ कडावला गेलो. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. दुसऱ्या हातावरही डाग होता. चल, मावशीकडे पोचवतो, असं मी म्हणालो.

ती वर न बघता म्हणाली, "आता कशाला? मावशीचं घर त्यांना ठाव झालंय."

तो पत्ता तिच्या जबाबात होता, आणि जबाब मी सासऱ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला होता. पुढे नोकरीभर कुणाही बाईचा जबाब मी तिच्या घरच्यांसमोर वाचला नाही. शहाणपण आलं, पण तिच्या उपयोगाला आलं नाही.