प्लेटवाला डिफरेन्शियल

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली रेसरकाका म्हणायची. वळणावर एकच चाक नुसतं गरगरू नये म्हणून त्यांना आपल्या छोट्या स्पोर्ट्स कारला लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल बसवायचा होता. मेकॅनिक म्हणाला, "घरची माणसं बसणार असतील तर गिअरवाला घ्या, आवाज नाही. प्लेटवाला शर्यतीचा, हळू वळताना कडकड वाजतो."

काकांनी प्लेटवालाच घेतला आणि घरी 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून थाप मारली. शर्यतीचं म्हणाल, तर त्या गाडीने दुकान आणि भाजीबाजार सोडून काही पाहिलं नाही.

रविवारी लेक गाडी शिकायला बसली. मागे काकू. पहिल्याच वळणाला कडकड झाली.

"बाबा, मी काय मोडलं?"

खरं बोलावं, तर काकूंपुढे थाप उघडी पडणार. काका खेकसले, "नीट चालव की जरा!"

लेक उतरली ती उतरलीच. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

ते काकांना सलत राहिलं. पुढे त्यांनी मुकाट्याने गिअरवाला बसवला. लेक माहेरी आल्यावर किल्ली पुढे केली. "बघ वळवून. आता वाजत नाही."

"नको बाबा," ती हसून म्हणाली, "माझ्या हातून एकदा मोडली तेवढी पुरे."