लंकाबाईचा निरोप

तिसगावच्या अलीकडे आमचं वसतिगृह आहे. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आमच्याकडे राहतात. इथल्या कॉम्प्युटरचं सगळं गोरक्षनाथ बघतो. तो स्वतः उसाच्या फडावरच्या खोपीत वाढलेला. नगरला दुरुस्तीच्या दुकानात हे काम शिकला आणि तिथली बरी नोकरी सोडून इथे आला. माणूस गुणी, पण हेकट. आपलं काही चुकलं असेल ही शंका त्याला सगळ्यात शेवटी येते.

आयांसाठी त्यानं एक प्रोग्राम बसवला होता. फडावरून आमच्या नंबरला फोन लावायचा, निरोप बोलायचा, तो साठून राहतो आणि सकाळी ज्याचा त्याला ऐकवला जातो. पण सगळ्या आया फोन करणार एकाच वेळी, दिवस मावळून चुली पेटल्या की. यंदा मुलं वाढली आणि निरोप गळायला लागले. प्रत्येक निरोपाची एक फाईल उघडते आणि रात्रीपर्यंत उघडीच राहते; कॉम्प्युटर एका वेळी ठरावीक फायलींपेक्षा जास्त उघडू देत नाही, हे गोरक्षनाथनं शोधलं. ती मर्यादा त्यानं वाढवली, दुपारी स्वतःच फोन लावून पाहिला आणि काम झालं म्हणून मोकळा झाला. अरे शहाण्या, दुपारी तुझ्याशिवाय फोन करतंय कोण?

पाचवीतल्या मोनिकाची आई लंकाबाई मुकादमाच्या फोनवरून बोलायची. तिची पाळी शेवटी यायची, तोवर सगळ्या जागा भरलेल्या असायच्या. मोनिका आधी रोज सकाळी निरोप ऐकायला पुढे बसायची, मग मागे बसायला लागली, मग यायचीच बंद झाली. ताटातली भाकरी तशीच राहायची. "आईला मी नको झाले," असं तिनं स्वयंपाकाच्या कडूबाईला सांगितलं. कडूबाईनं ते माझ्या कानावर घातलं.

मी गोरक्षनाथला विचारलं, तर म्हणतो, "मर्यादा वाढवलीय सर. तिची आईच फोन करत नसंल." माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी ऐन संध्याकाळी त्याला खुर्चीत बसवलं आणि समोर उभा राहिलो. फोनवर फोन येत होते. जागा भरल्यावर फोन करणाऱ्या आयांनाही "निरोप पोचला" असंच ऐकू जात होतं, आणि साठत काहीच नव्हतं. गोरक्षनाथचा चेहरा उतरला.

घोटाळा असा होता की तो प्रोग्राम तयार होतानाच कॉम्प्युटरला मर्यादा विचारून घेतो आणि तो आकडा स्वतःत कायमचा धरून ठेवतो. कॉम्प्युटरची मर्यादा वाढली, तरी आधी बसवलेला प्रोग्राम जुन्याच आकड्यावर अडला होता. तो मुळापासून पुन्हा तयार करायला हवा होता. गोरक्षनाथनं जेवण सोडून ते काम केलं. दुसऱ्या संध्याकाळी सगळे निरोप साठले. त्यात लंकाबाईचा नव्हता. पुढच्या संध्याकाळीही नव्हता.

शेवटी त्यानं मुकादम बिभीषणला फोन लावून लंकाबाईला बोलावलं. ती म्हणाली, "सर, दर बारीला सांगत हुते, ऐतवारी मला फोन कर. तिनं येकदाबी केला न्हाई. लई रागावली आसंल, म्हनून मीच बोलनं सोडलं."

"बाई, चूक माझी हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "तुमचा आवाज तिला पोचलाच न्हाई." त्याच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

फोन तसाच चालू ठेवून आम्ही मोनिकाकडे गेलो. काय झालं ते त्यानं तिला सरळ सांगितलं. ती पडल्या पडल्या, डोळे उघडे ठेवून म्हणाली, "मी झोपले म्हणून सांगा."

त्यानं फोन तिच्या गोधडीवर ठेवला आणि खाली बसला. पलीकडून लंकाबाई एकटीच बोलत राहिली. बैल लंगडतोय म्हणाली, खोपीला नवं पाचट घातलं म्हणाली, तुझा फ्रॉक उसवला असंल तर कडूमावशीला दे म्हणाली. मधेच विचारलं, "ऐकती का गं?"

मोनिका भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बरं. ठिवते मंग."

"ठिवू नको," मोनिका म्हणाली.